दुमडत्या फळ्यांची गाडी

बेलापूर,
५ नोव्हेंबर २०२४

आदरणीय आप्पा,
सविनय नमस्कार.

फोनवर तुम्हाला माझे निम्मेच ऐकू येते आणि उरलेले निम्मे तुम्ही स्वतः पूर्ण करता, असा मागच्या वेळचा अनुभव आहे. म्हणून हे पत्र.

आपल्याला पिकअप घ्यायची आहे. 'आपल्याला' म्हणजे मला, पण तुमचे पुतणे कल्याण म्हणतात, "आप्पा सांगतील ती घेऊ." या घरात विहिरीची जागा, ट्रॅक्टरचा रंग आणि मी, हे तिन्ही तुमच्या पसंतीने आले. चौथ्या गोष्टीला अपवाद करण्याचे धाडस कल्याण करणार नाहीत.

गरज अशी. माझ्या रोपवाटिकेतले टरबुजाचे रोप तयार झाले की त्याला थांबता येत नाही. ट्रेमध्ये मुळे गुंडाळतात, दांडा ताणतो, आणि मग शेतकरी ते हातात घेऊन पाहतो व परत ठेवतो. आजवर बन्सीच्या भाड्याच्या टेम्पोवर भागवले. "निघालोच वैनी, फाट्यावर हाय," असे तो सांगतो. कोणत्या फाट्यावर ते सांगत नाही. गेल्या हंगामात नेवाशाच्या एका शेतकऱ्याची रोपे सकाळऐवजी भर दुपारी, उघड्या टेम्पोतून पोहोचली. त्याने ती उतरवूनही घेतली नाहीत. माझ्या एम.एस्सी.ला त्या दिवशी प्रथमच कोणी तोंडावर नापास केले.

घरचीही कामे आहेतच. सासूबाईंना गुडघ्यांच्या उपचारासाठी श्रीरामपूरला न्यावे लागते, लेकीची, संस्कृतीची, शाळा आहे, कांदा आहे. दोन गाड्या आपल्या आवाक्यात नाहीत. एकीनेच दोन्ही संसार करायचे आहेत.

या हंगामात रोपे वेळेवर पोहोचली नाहीत, तर शेडनेट उतरवून तिथे घास पेरायचा, असे मी ठरवले आहे. हे मी घरात अजून कोणाला सांगितलेले नाही.

तेव्हा कोणती गाडी, ते कळवावे.

आपली,
दिपाली

*

केडगाव, अहिल्यानगर,
११ नोव्हेंबर २०२४

चि. दिपालीस आशीर्वाद.

तुझे पत्र भाषेच्या दृष्टीने समाधानकारक, माहितीच्या दृष्टीने अपुरे आहे. ट्रेची लांबी-रुंदी नाही, भरलेल्या ट्रेचे वजन नाही, रस्त्याविषयी अवाक्षर नाही. सुदैवाने आपल्या जिल्ह्यातील रस्ते मला ठाऊक आहेत आणि उरलेले मी गणिताने काढले.

लोक गाडी कशी निवडतात, हे मी या आठवड्यात शोरूमच्या सोफ्यावर बसून पाहिले. कोणी हॉर्न वाजवून पाहतो, कोणी दार आपटून, कोणी मेव्हण्याला फोन लावून. विक्रेत्याने मला चहा दिला आणि विचारले, "काका, रंग कोणता बघायचा?" मी त्याला मागच्या आसाची भारक्षमता विचारली. तो मॅनेजरला बोलावतो म्हणून गेला. मॅनेजरने दुसरा चहा दिला.

निष्कर्ष असा. एकेरी केबिन, मध्यम लांबीचा हौदा, जमिनीपासून भरपूर उंची, मागे पाट्यांचे स्प्रिंग. नेमके मॉडेल सोबतच्या कागदावर लिहिले आहे. जिचे सुटे भाग श्रीरामपुरात मिळतात तीच गाडी विश्वासू. बाकीच्या केवळ नव्या असतात. पुढे चालकाशेजारी वहिनी, म्हणजे तुझ्या सासूबाई, आणि संस्कृती बसतील. मागे माणसे बसवणे बेकायदेशीर आणि अडाणीपणाचे आहे, म्हणून त्या शक्यतेचा मी विचार केलेला नाही.

हौद्यासाठी मी स्वतः रचना केली आहे. आकृती जोडली आहे. दोन्ही बाजूंना बिजागरीच्या दुमडत्या लोखंडी फळ्या. ट्रे न्यायचे असतील तेव्हा उघडाव्यात, कांदा भरायचा असेल तेव्हा दुमडाव्यात. खालची फळी बरोबर गुडघ्याच्या उंचीवर ठेवली आहे, म्हणजे ट्रे ठेवताना कोणाला वाकावे लागणार नाही. या गाडीचा एक इंचही वर्षाच्या कोणत्याही दिवशी निरुपयोगी राहणार नाही.

"आप्पांनी स्वतः कधी चारचाकी घेतली नाही," असे कल्याण म्हणेल. त्याला सांग की मला पटेल अशी गाडी निघालेली नव्हती.

आप्पासाहेब

*

बेलापूर,
१७ नोव्हेंबर २०२४

आदरणीय आप्पा,

गाडी मान्य. फळ्यांबाबत मात्र एक विनंती आहे.

त्या दुमडत्या नकोत. लोखंडी अँगलची मांडणी हौद्यात कायमची वेल्ड करून टाकावी, वरपासून खालपर्यंत, ट्रे सरकवता येतील एवढेच कप्पे. कांदा बन्सीच्या टेम्पोने जाईल. कांद्याला बन्सीइतकाच वेळ असतो.

कारण सांगते. दारात उभ्या असलेल्या गाडीत रिकामी जागा दिसली की ती भावकीला दिसते. आपल्या ट्रॉलीचे काय झाले ते तुम्ही पाहिले आहे. कोणाचा साखरपुडा, कोणाचे जावळ, कोणाची लेक माहेरी आणायची, कोणाचे कपाट हलवायचे. कल्याणना 'नाही' म्हणता येत नाही आणि मी म्हटले तर लंकाबाई, म्हणजे आमच्या चुलत सासूबाई, अंगणातूनच ऐकवतात, "गाडी काय झिजती का गं? आमी काय तुज्या डोक्यावर बसनार हाय?"

गाडी असून दिली नाही, हे इथे कोणी विसरत नाही. पण गाडीतच जागा नाही म्हटले, तर माणसे हळहळून दुसरीकडे जातात आणि वर पाणी पिऊन जातात. मला या गाडीत एक दोष हवा आहे, आप्पा. लांबूनही दिसेल असा, आणि काढता न येणारा.

आपली,
दिपाली

*

केडगाव,
२२ नोव्हेंबर २०२४

चि. दिपालीस,

चाळीस वर्षांच्या अध्यापनात अनेक विद्यार्थ्यांनी माझ्याकडे सदोष रचना सादर केल्या. दोष हाच गुण म्हणून मागणारी तू पहिली.

कायम वेल्डिंग केलेली मांडणी म्हणजे हंगाम संपल्यावर गाडीतून लोखंडाची वरात काढणे. वजन व्यर्थ, जागा व्यर्थ, इंधन व्यर्थ. भावकीला नकार देणे हा जिभेचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर वेल्डिंगमध्ये शोधू नये. आणि भावकी म्हणजे काही टोळधाड नव्हे. माणसाला चांगली, सुविचारित वस्तू दिसली की तो तिचा मान राखतो, असा माझा अनुभव आहे.

फळ्या आकृतीप्रमाणेच होतील. कल्याणला स्वतंत्र पत्र लिहून तसे कळवले आहे.

आप्पासाहेब

*

बेलापूर,
६ जानेवारी २०२५

आदरणीय आप्पा,

गाडी आली. पूजा झाली. तुमच्या निवडीचे कौतुक पंचक्रोशीत ऐकू येते आहे, ते तुमच्यापर्यंत पोहोचवणे माझे कर्तव्य समजते.

सर्वाधिक स्तुती खालच्या फळ्यांची होते. त्यांची उंची इतकी नेमकी आहे की वयस्क माणसांनाही अजिबात अवघडल्यासारखे वाटत नाही. खुद्द लंकाबाई म्हणाल्या, "ज्यानं ह्या बनिवल्या त्याला मानसाची कदर हाय." भावकीतले सहादेव भाऊजी तर पहिल्याच दिवशी फळी उघडून, दाबून पाहून म्हणाले, "वैनी, आप्पांनी सगळ्या भावकीचा इचार केलाय बघा." त्यांच्या मेव्हण्याच्या लग्नाला गाडी राहात्याला जाऊन आली. मग वऱ्हाड परत आणायला पुन्हा गेली. मग राहिलेला आहेर आणायला गेली.

गाडी कमालीची विश्वासू आहे. अजून एकदाही बंद पडली नाही. पडली असती तर एखादा दिवस घरी राहिली असती.

वरच्या फळ्याही उपयोगी पडतात. त्यांवर पिशव्या राहतात, आणि एकदा सहादेव भाऊजींचा धाकटा निजला होता.

कल्याण स्वतः चालवतात, त्यामुळे त्यांचाही सर्वत्र मान राखला जातो. जिथे जातात तिथे जेवूनच येतात. टरबुजाच्या पहिल्या लॉटची रोपे मी बन्सीच्या टेम्पोने पाठवली. तो फाट्यावर होता.

आपली,
दिपाली

*

केडगाव,
१२ जानेवारी २०२५

चि. दिपालीस आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून समाधान वाटले. उत्तम रचना अशिक्षित माणसालाही जाणवते, हे मी वर्गात नेहमी सांगत असे. लंकावहिनींनी एका वाक्यात जे म्हटले ते माझ्या विभागातील सहकाऱ्यांना निवृत्तीच्या भाषणांतही साधले नव्हते. पहिल्या लॉटची रोपे मात्र गाडी असताना टेम्पोने का पाठवलीस, ते कळले नाही. यात नियोजनाचा अभाव दिसतो.

आता एक आनंदाची गोष्ट. रविवार, ९ फेब्रुवारी रोजी माझे माजी विद्यार्थी नगरला माझा पंचाहत्तरीचा सत्कार करीत आहेत. मी नको म्हणालो होतो; त्यांनी फार आग्रह केला नाही, पण मी पुन्हा नको म्हटले नाही. सभागृहात पुढच्या तीन रांगा बेलापूरच्या आप्तांसाठी राखून ठेवायला सांगितल्या आहेत. ज्या गावातून मी शिकायला बाहेर पडलो ते गाव समोर बसलेले असावे, एवढीच इच्छा आहे. सर्वांना सकाळी लवकर घेऊन येण्याविषयी कल्याणला कळवले आहे. आपली गाडी आहेच. मागे कोण आणि किती बसले याची चौकशी मी करणार नाही. रविवारी रस्त्यावर तपासणी कमी असते, असे ऐकतो.

थंडी असेल. हौद्यावर ताडपत्रीचे छत करून घेतल्यास म्हाताऱ्या मंडळींची सोय होईल. आकृती पाठवतो.

आप्पासाहेब

*

बेलापूर,
१८ जानेवारी २०२५

आप्पा,

मागच्या पत्रात मी उपरोधाने लिहिले होते. ते तुमच्या लक्षात येईल असे गृहीत धरले, ही माझी चूक. आता सरळ लिहिते.

तुमच्या फळ्यांवर भावकी बसते. गुडघ्याची उंची ही ट्रेसाठी जितकी सोयीची, तितकीच टेकायला सोयीची. गाडी आल्यापासून माझी रोपे घेऊन ती फक्त एकदा गेली, तीही परत येताना देवगावहून तीन पाहुण्या भरून आली. दोन शेतकऱ्यांनी पुढच्या लॉटची नोंद काढून घेतली आहे. ते भांडले नाहीत. "ताई, रोप ब्येस हाय, पन येळंवर न्हाई," एवढेच म्हणाले.

आता एकच मोठे काम हातात आहे. कोपरगाव तालुक्यातल्या काही शेतकऱ्यांनी गट करून सगळी रोपे माझ्याकडून घ्यायचे ठरवले आहे. त्यांना कालव्याचे पाणी ९ फेब्रुवारीला मिळते. त्या सकाळी, ऊन चढायच्या आत, रोपे त्यांच्या बांधावर हवीत. दोन खेपा कराव्या लागतील. हे साधले तर पुढचा हंगाम त्यांच्याच भरवशावर उभा राहील. हुकले तर शेडनेटविषयी मी तुम्हाला पहिल्याच पत्रात लिहिले होते.

मी कल्याणना विचारले, त्या दिवशी काय करायचे? ते म्हणाले, "आप्पांचा सत्कार हाय. भावकीला सांगूनबी झालंय." खरेच झाले आहे. लंकाबाईंनी नवे लुगडे काढले आहे. सहादेव भाऊजींनी कोण कुठे बसणार तेही ठरवले आहे. खिडकीकडची जागा म्हणून केबिनमध्ये स्वतःला धरले आहे. मी अंगणात म्हटले की त्या दिवशी रोपे जायची आहेत, तर लंकाबाई म्हणाल्या, "रोपं काय, दुसऱ्या दिशीबी हिरवीच असत्यात. आप्पा पंच्याहत्तरीचा परत व्हनार हाय व्हय?"

त्यांच्या जागी त्या बरोबरच आहेत. मी 'नाही' म्हणू शकते. पण मग ती 'नाही' माझी होईल, आणि उद्या संस्कृतीच्या लग्नातही कोणाला तरी ती आठवेल. या घरात गाडी तुमच्या शब्दाने आली. ती थांबलीही तुमच्याच शब्दाने पाहिजे.

तुमच्या तीन रांगा रिकाम्या राहतील, हे मला कळते. तरी मागते आहे.

दिपाली

*

केडगाव,
२५ जानेवारी २०२५

चि. दिपालीस,

तुझे पत्र उद्धट आहे. वाक्यरचना निर्दोष असल्यामुळे शेवटपर्यंत वाचले.

उपरोध मला कळत नाही, असा समज करून घेऊ नये. मी तुझे पत्र सद्भावनेने वाचले, एवढेच.

सोबत एक निवेदन जोडले आहे. ते कल्याणने भावकी जमवून, उभे राहून, मोठ्याने वाचावे. मध्ये थांबून अर्थ सांगू नये. तो त्याला कळणार नाही.

निवेदन
'बेलापूर येथील सर्व आप्तजनांस कळवण्यात येते की, माझ्या शिफारशीने घेतलेल्या मालवाहू गाडीची मी नुकतीच सैद्धांतिक फेरतपासणी केली. तीत असे आढळले की, हौद्यातील दुमडत्या फळ्यांच्या बिजागऱ्या केवळ स्थिर भारासाठी योग्य आहेत. ट्रे हा स्थिर भार आहे. माणूस हा स्थिर भार नाही. तो हलतो, वळतो, हसतो आणि उतरण्यापूर्वीच उभा राहतो. अशा भाराखाली बिजागरी कोणत्याही क्षणी आणि कोणतीही पूर्वसूचना न देता निखळू शकते. याकरिता फळ्या उघड्या अवस्थेत कायमच्या वेल्ड करण्यात याव्यात आणि यापुढे हौद्यात कोणीही बसू नये. हे बंधन माझ्या सत्कारासही लागू आहे. ज्यांना एस.टी.ने येणे शक्य आहे त्यांचे स्वागत असेल. वयस्क मंडळींनी दगदग करू नये.'

वेल्डिंग श्रीरामपूरला करावे आणि ते निवेदन वाचण्याच्या आदल्या दिवशी करून घ्यावे; भावकीला चर्चेसाठी विषय देऊ नये.

ही सुधारणा शास्त्रीय विचारातून निष्पन्न झालेली आहे. नोव्हेंबरमध्ये तूही साधारण अशाच अर्थाचे काही लिहिले होतेस; परंतु तुझी कारणे वेगळी, म्हणून चुकीची होती.

छत करू नये.

आप्पासाहेब

*

बेलापूर,
२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय आप्पा,

वेल्डिंग शुक्रवारी झाले. काल सहादेव भाऊजींच्या ओट्यावर कल्याणनी निवेदन वाचले. ते उभे राहिले म्हणून सगळेच उभे राहिले. 'सैद्धांतिक' या शब्दापाशी ते अडखळले, तेव्हा लंकाबाईंनी हात जोडले.

वाचन संपले. मग लंकाबाई म्हणाल्या, "मंजी इतके दिस आमी जिवावर उदार हुतो व्हय!" मग ज्याला त्याला आठवू लागले की आपल्याखालची फळी कशी वाजत होती. सहादेव भाऊजींच्या मेव्हण्याला तर राहात्याच्या वळणावर तेव्हाच शंका आली होती म्हणे. सगळे उठून आमच्या अंगणात आले, वेल्डिंग हाताने चाचपून पाहिले, चहा प्यायले आणि गेले. माझ्यावर किंवा कल्याणवर कोणाचाही राग नाही.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवली तर बरे दिसेल, पण नंतर कोणाकडून तरी कळेलच. जाताना सहादेव भाऊजी म्हणाले, "आप्पा लई शिकला, पन गाडीत फसला. आपल्याला इचारलं असतं तर सांगितलं असतं." आता गावात हेच चालले आहे. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तुमच्या निवेदनाचा उपयोग गेला असता. हे गप्प बसणे मला सोपे गेले नाही, एवढे मात्र तुम्हाला ठाऊक असावे.

एस.टी.ने कोण निघेल ते अजून ठरत नाही. सासूबाईंना फार यायचे होते. गुडघे ऐकत नाहीत.

आपली,
दिपाली

*

केडगाव,
११ फेब्रुवारी २०२५

चि. दिपालीस आशीर्वाद.

सत्कार पार पडला. शाल बरी होती. मानपत्राची भाषा सैल होती. वक्त्यांपैकी एकानेही वेळ पाळली नाही.

तीन रांगांवर 'बेलापूरचे आप्तजन' अशा पाट्या लावलेल्या होत्या आणि संयोजकांनी त्या शेवटपर्यंत काढल्या नाहीत, कारण त्यांना वाटत होते की मंडळी वाटेत असतील. छायाचित्रकाराला मी कडेने छायाचित्रे घ्यायला सांगितले. भावकीतला कानिफनाथ तेवढा मोटारसायकलवर आला होता. तो पहिल्या रांगेत मधोमध बसला, आणि माझ्या भाषणात झोपला. भाषणात मी गावाविषयी जे बोलणार होतो ते गाळले. समोर कोणी नसताना ते बोलणे योग्य झाले नसते.

अध्यक्षांनी व्यासपीठावरूनच विचारले, "सर, आपले गावकरी दिसत नाहीत?"

मी सांगितले, "माझ्या घरची माणसे सदोष वाहनातून प्रवास करीत नाहीत."

टाळ्या झाल्या. का, ते मला समजले नाही.

रोपे वेळेवर पोहोचली किंवा कसे, ते कळव. एका ओळीत कळव, विशेषणे नकोत.

आप्पासाहेब

*

बेलापूर,
१६ फेब्रुवारी २०२५

आप्पा,

ऊन चढायच्या आत पोहोचली. आज कल्याणना घेऊन जाऊन पाहून आले, उभी आहेत.

दिपाली